व्हीला घरी पाठवायचं राहिलं

फळ्यावर लिहिता लिहिता तू थांबलास, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलास आणि मला विचारलंस, "मावशी, पुढे काय?"

मी तांदूळ निवडत होते. समोर बारावीची पोरं सतरंजीवर बसलेली, तुझ्या हातात खडू. व्हीचा वर्ग भागिले दोन बरोबर लॉग एक्स प्लस सी, एवढं तू फळ्यावर लिहिलं होतंस. मला ते वाचता येत नाही. तू मोठ्याने बोलत लिहायचास, म्हणून माहीत. पोरांना वाटलं सर गंमत करतायत. एकदोघं हसलीसुद्धा. कोणाला उत्तर आलं नाही की तू म्हणायचासच, थांबा, मावशीला विचारू, ती चौथी पास आहे. पण त्या दिवशी तुझं तोंड गमतीचं नव्हतं. भर बाजारात हात सुटलेल्या पोराचं असतं तसं होतं.

मी म्हटलं, "इथे तू म्हणतोस, पाहुण्याला घरी पाठवा. व्हीला घरी पाठवा."

"कोण व्ही?"

त्यापुढे मला येत नव्हतं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तुझे शब्द मला पाठ झाले होते, पण शब्दच. व्ही कोण हे मी तुला काय सांगणार होते? सुपातला खडा हातात धरून मी तशीच बसले. मग ती हेतल उठली. तुझी सगळ्यात हुशार पोरगी, शहांची. तिने तुझ्या हातातून खडू अलगद काढून घेतला, व्हीच्या जागी वाय भागिले एक्स लिहिलं आणि उरलेलं गणित पुरं केलं. तू तिच्याकडे बघत उभा होतास. झाल्यावर म्हणालास, "बरोबर. शाब्बास." जणू तूच तिला फळ्यावर बोलावलं होतंस.

पोरं चपला घालून गेली. तू भिंतीला टेकून खाली बसलास. मी भात टाकला. दुसरं काय करणार होते?

वसंता, तुझ्या पोरांनी तुझ्या आठवणींचा छोटासा अंक काढायचं ठरवलंय. हेतल येऊन म्हणाली, मावशी, सर कसे होते ते तुम्ही लिहा. मी म्हटलं, तो कसा होता ते पोरांना माहीत आहे, मला त्यालाच दोन शब्द सांगायचे आहेत. ती म्हणाली, मग तसं लिहा. म्हणून हे लिहिते आहे. शुद्धलेखन तीच बघणार आहे.

तुझी ही बॅच माझ्या डोक्याला ताप होती, हे आधी सांगते. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात रोज सकाळ-संध्याकाळ परकी पोरं. जिन्यापर्यंत चपला. खडूची पूड डाळीत, पूड पापडावर. एकदा मागच्या पार्कातलं माकड खिडकीतून डस्टर घेऊन गेलं, तर मला बरंच वाटलं होतं. तू मात्र बाबांच्या जुन्या धोतराच्या चिंधीने फळा पुसलास आणि शिकवत राहिलास. तुझ्या बाबांची गिरणी संपात बंद पडली आणि मग कायमचीच पडली, तेव्हा याच बॅचवर घर चाललं. ते मी कधी विसरले नाही, पण पूड डाळीत पडायची ती पडायचीच.

कान काही बंद करता येत नाहीत. भाकरी थापताना ऐकू येणारच. डीवाय बाय डीएक्स, इंटिग्रेशन, लॉग. कुठे एक्स अधिक वाय मिळून यू मानायचं, कुठे वायच्या जागी व्ही एक्स घालायचं. तुझा आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, ते मला कळायचं. उतरला की गणित संपत आलं, म्हणजे चहाचं आधण ठेवायला हरकत नाही. आणि शेवटी तुझं ठरलेलं वाक्य. पाहुणा आला, काम झालं, आता पाहुण्याला घरी पाठवा. पोरं ते हमखास विसरायची. व्हीमध्येच उत्तर ठेवून वही मिटायची. मग तू ओरडायचास, अरे, पाहुणा अजून पाटावर बसलाय, आणि पोरं हसायची.

एका दुपारी मी विचारलंच, कोण हा पाहुणा? त्या दिवशी बॅच उशिरा होती, आणि तू मला पोरांसारखं समोर बसवलंस. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीवरून सुरुवात केलीस. टाकीत पाणी कसं चढतंय एवढंच आपल्याला माहीत, त्यावरून टाकीत पाणी किती ते काढायचं, अशी ही गणितं. नळ सोडायच्या आधी टाकीत किती होतं ते ठाऊक नसतं, म्हणून शेवटी प्लस सी. इथवर मला पटलं. पाण्याचं मला कळतं.

मग म्हणालास, काही गणितांत वाय आणि एक्स एकमेकांत असे गुंतलेले असतात की त्यांना वेगळं करताच येत नाही. आणि वेगळे झाले नाहीत तर गणित सुटत नाही. अशा वेळी बघायचं, सगळ्या पदांची डिग्री सारखी आहे का. असली तर बाहेरून व्ही आणायचा. वायच्या जागी व्ही एक्स ठेवायचं. वाय गेला. आता राहिले व्ही आणि एक्स, आणि हे दोघं निमूट वेगळे होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांचं इंटिग्रेशन करायचं, गणित सुटलं. मग व्हीच्या जागी पुन्हा वाय भागिले एक्स लिहायचं. उत्तरात व्ही दिसता कामा नये. ज्याने गणित घातलं त्याने वायबद्दल विचारलंय, त्याला व्हीशी काय करायचंय?

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखं."

तू खडू खाली ठेवलास.

मी ते रागाने म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून म्हटलं. ताई गेली तेव्हा तू अंगावर पिणारा होतास. मालवणहून माणसं आली, मुंबईहून तुझे बाबा आले, आणि ओटीवर बसून ठरवलं की धाकटीला द्या, पोराला परकी बाई नको. मला कोणी विचारलं नाही, तशी विचारायची पद्धतही नव्हती. लग्नात तांदळात नवीन नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, सुमतीच राहू दे, घरात त्या नावाची सवय आहे. तुझ्या बाबांनी अंगठीने ताईचंच नाव तांदळात लिहिलं. गेलेल्या पहिलीच्या नावाने दुसरीला घालतात तो चांदीचा टाक, ताईचा, माझ्या गळ्यात आला. हळदीकुंकवाला गेले की कुंकू आधी टाकाला लागायचं, मग मला. याची तक्रार मी केली नाही. ताईवर माझा जीव होता, आणि तू तिचा होतास.

तुला मावशी म्हणायला मीच शिकवलं. सासू म्हणायची आई म्हणू दे. मी म्हटलं, तिचं नाव घेतलं, नवरा घेतला, निदान हाक तरी तिची राहू दे. ती हाक मग कायमची तशीच पडली. तू मोठा झाल्यावर सोसायटीच्या मीटिंगला कोणीतरी विचारलं, ह्या तुमच्या सावत्र आई ना? तू म्हणालास, "मावशी आहे. पुरे." मला बरं वाटलं. आणि घरी येताना असंही वाटलं की आई म्हणाला असतास तर जीभ झडली नसती. हे तुला बोलले नाही. आज बोलते, तर तू नाहीस.

तर त्या दुपारी खडू खाली ठेवून तू म्हणालास, "मावशी, तू उदाहरण अर्धंच ऐकलंस."

मी म्हटलं, "चौथीपर्यंत अर्धंच ऐकायला शिकवतात."

"अगं, उत्तरात दिसत नाही म्हणजे तो गेला असं नाही. वाय भागिले एक्स म्हणजे तोच. आणि त्याच्याशिवाय..."

तेवढ्यात पोरं आली. नंतर सांगतो म्हणालास. ते नंतर कधी झालं नाही. मीही मुद्दाम विषय काढला नाही, नुसते टोमणे मारत राहिले. तुझे शर्ट वाळत घालताना म्हणायचे, व्हीने कपडे धुतले हो. तू खोलीतून ओरडायचास, पाहुणीने चहा ठेवला तर बरं होईल. मी म्हणायचे, पाहुणीला कोणी चहा करून देतं का या घरात? मग तू उठून चहा करायचास, भयंकर गोड. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा भांडीसुद्धा घासायचास, पोरांसमोर, धडधडीत. एका पोराच्या आईने नाक मुरडलं, तर तू तिला म्हणालास की गणितापेक्षा कढईला जास्त डोकं लागतं. कढई काही निघाली नव्हती, ते सोड. मी नंतर परत घासली.

लग्नाचं म्हटलं की हसण्यावारी न्यायचास. तोही वाद तसाच राहिला. आता त्याचं काय.

पाहुण्याचं ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही, तेव्हा पावसाळा संपत आला होता. तुझा आवाज उतरला, मी आधण ठेवलं, आणि पुढे काही आलंच नाही. तू दुसरं गणित घेतलंस. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. मग पुन्हा तसंच झालं. रात्री वाढताना मी म्हटलं, आज पाहुणा बसूनच राहिला. तू म्हणालास, काहीतरीच काय. मी पुन्हा म्हटलं, तर चिडलास. तुला काय कळतं त्यातलं, असं म्हणालास. खरंच होतं. मला कळत काहीच नव्हतं. रोज येणारी मासेवाली एखाद्या दिवशी ओरडली नाही की कळतं ना, तेवढंच कळत होतं.

सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसायचास, ओकायचास. आपल्या डॉक्टरांनी पित्त म्हटलं. मी मीठ-मोहऱ्या घेऊन तुझी दृष्ट काढली. चष्मा बदलला. तुला गावी नेऊन भावाच्या मुलाकडून देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं. तू हसलास, पण नारळासमोर गप उभा राहिलास. खडू हातातून पडायला लागला तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळात गेलास आणि डोक्याचा फोटो काढलास. गाठ निघाली. डावीकडे, बोलण्याच्या जागेजवळ.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, लवकर उघडलं पाहिजे. तू विचारलंस, नंतर मला बोलता येईल? ते म्हणाले, सांगता येत नाही. तू म्हणालास, मार्चमध्ये पोरांची परीक्षा आहे, त्यानंतर करू. ते म्हणाले, "गाठीला मार्च माहीत नसतो." तू नमस्कार करून उठलास.

त्या दिवसापासून आपलं जे भांडण सुरू झालं ते असं होतं की मी सगळं बोलले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. देवाची शपथ घातली. जेवण सोडलं. तू मुकाट माझं ताट झाकून ठेवायचास आणि स्वतःही जेवायचा नाहीस, मग मलाच जेवावं लागायचं. बॅचच्या वेळी दाराला आतून कडी घातली. पोरं जिन्यात उभी राहिली, तू उठून कडी काढलीस. शेवटी एकदा मी तुझ्यासमोर बसले. गावची भाषा घरात कधीची सुटली होती, पण त्या दिवशी तीच आली तोंडात.

"माका मुको झील चलात," मी म्हटलं. मुका मुलगा चालेल मला.

तू म्हणालास, "मला नाही चालणार, मावशी. या पोरांना मध्ये सोडून गेलो आणि नंतर तोंडातून शब्दच आला नाही, तर मी कशाला वाचलो म्हणायचं?"

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी वाचेन. पण आधी हे संपवू दे."

तू वाईट काही बोलत नव्हतास. माझंही चुकत नव्हतं. दोघं बरोबर असताना भांडण मिटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी शहांकडे गेले, हेतलच्या बापाकडे. म्हटलं, पोरीला दुसरीकडे घाला, बाकीच्यांनाही सांगा. पोरंच नसली तर हा कोणाला शिकवेल? त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, मावशी, आता वर्षाच्या मध्येच कुठे जाणार, आणि सर स्वतः म्हणतात ना, त्यांना काही होत नाही. तो वाईट माणूस नाही. त्याची पोरगी होती, माझा पोरगा होता.

तेव्हापासून मी रोज भिंतीपलीकडे बसून त्या एका वाक्याची वाट बघायचे. ते आलं की आजचा दिवस गेला. कधी यायचं. तुझा आवाज उतरला की माझा हात थांबायचा. देवाचं नाव घेतात तसं मी मनात म्हणायचे, पाठव, पाठव त्याला घरी. गणितासाठी असं कोणी देवाला विनवलं असेल असं वाटत नाही.

आणि मग तो दिवस आला ज्या दिवशी तू मला विचारलंस, पुढे काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूच म्हणालास, "चल, मावशी." त्या सकाळी उजवा हात वर जात नव्हता. शर्टाची बटणं मी लावली. इस्पितळात त्यांनी विचारलं, पेशंटची आई कुठे आहे. मी म्हटलं, वारली, मी मावशी. मग त्यांनी आईचं नाव विचारलं, मी सुमती सांगितलं. सही कोण करणार? मी. तुमचं नाव? सुमती. लिहिणारी मुलगी वैतागली. म्हणाली, आजी, तुमचं नाव सांगा, त्यांच्या आईचं नको. मी म्हटलं, बाई, एकच आहे, लिही.

तू स्ट्रेचरवरून ते ऐकत होतास. तुला हसू आलं. डाव्या बाजूनेच आलं, उजवी बाजू हलत नव्हती. काहीतरी बोलायला बघत होतास. पहिला शब्द सापडत नव्हता, दुसरा सुरू करायचास, तोही सुटायचा. मी म्हटलं, राहू दे, नंतर सांग. माझा हात तुझ्या डाव्या हातात होता, तो त्यांनी सोडवला आणि तुला आत नेलं.

तू शुद्धीवर आला नाहीस. बाहेर बाकावर मी बसून होते, दिवस उजाडत होते, मावळत होते. हेतल आणि पोरं आळीपाळीने येऊन बसायची, पुस्तकं घेऊन. परीक्षा तोंडावर आलेली. मी त्यांना घालवत होते, ती जात नव्हती. नर्सने आत सोडलं की मी तुझ्या कानाशी बोलायचे. काय बोलणार? आज भाजी कसली केली ते. एकदा तुझंच ते वाक्य म्हणून बघितलं, पाहुणा आला, काम झालं. तुझी पापणीसुद्धा हलली नाही.

तू गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, आधी आला असता तर वाचला असता का? म्हणाले, सांगता येत नाही. मी म्हटलं, नसता वाचला असं तरी सांगा. ते म्हणाले, तेही सांगता येत नाही. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मी घेतलं असतं.

पोरांनी परीक्षा दिली. पेपर झाल्यावर हेतल सरळ घरी आली. म्हणाली, तसं गणित आलं होतं, सगळ्यांनी केलं, शेवटपर्यंत केलं. आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. बरं झालं म्हटलं. पण मनात काही झालं नाही, वसंता, खरं सांगते. तुला आनंद झाला असता. मला आनंद करता आला नाही. तुझ्या पोरांवर माझा राग नाही, पण ती पास होतील आणि तू नसशील, हा हिशेब मला कोणत्याही बाजूने सुटत नाही.

तुझ्यावर रागावले आहे, तो राग अजून गेलेला नाही. आणि तुझ्यामुळे मी या वयात अशा घरात राहिले जिथे मला कोणी अडाणी म्हणू शकत नव्हतं, हेही खरं आहे. तू कोणाला म्हणू दिलं नाहीस. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात येतात. एक आली की दुसरी जाईल असं वाटतं, तसं होत नाही.

त्या दुपारचं उरलेलं अर्धं तू काय सांगणार होतास, ते मी हेतलला विचारू शकले असते. तिला येत असेल. विचारलं नाही. ते तू सांगायचं होतंस.

ताई विशीत गेली. गिरणी बंद पडल्यावर तुझे बाबा गेले. आता तू गेलास. ज्यांच्यासाठी मला या घरात आणलं होतं त्यांतलं कोणी राहिलं नाही. मी आहे.